पाण्यावरचा किडा, डोक्यातला किडा

४९४ तुकडे, एक रविवार आणि डोंबिवलीचा वन बीएचके. पंचविशी ओलांडल्यावर स्वतःसाठी खेळणं घ्यावं का? आणि घ्यायचंच तर त्यात काय बघायचं? वॉटर स्ट्रायडर नावाच्या एका मेकची ही उलटतपासणी.

ऑफिसच्या डेस्कवर छोटा गणपती, मनी प्लांट आणि कॉफीचा मग हे त्रिकूट ठरलेलं. हल्ली त्यांच्या शेजारी चौथा पाहुणा आलाय. कुणाच्या मॉनिटरखाली ठोकळ्यांची स्पोर्ट्स कार, तर कुणाच्या कीबोर्डमागे पिवळ्या तोंडाचा बोटभर माणूस. विचारलं की उत्तर एकच, 'अरे, स्ट्रेसबस्टर आहे!' ऑफिसात हे खपून जातं. घरी मात्र आई विचारते, 'तिशी आली तुझी, आणि हे ठोकळे काय जोडत बसलास?' प्रश्न अगदीच चुकीचा नाही. घराचा ईएमआय, लोकलचा पास, एखादी एसआयपी, शनिवारची पार्टी हे सगळं जमवल्यावर हातात उरतं किती? त्यातून चार-पाच हजारांचं खेळणं घ्यायचं म्हणजे डोक्यात किडा असावाच लागतो.

आजचा आपला किडा मात्र खराखुरा आहे. सहा पायांचा, पाण्यावर चालणारा. त्याच्यावरून बनवलेल्या एका मेकला आम्ही टेबलावर घेतलं आणि पाय खेचून खेचून बघितलं.

मेक म्हणजे काय रे भाऊ?

आत माणूस बसून चालवतो ते अवाढव्य यंत्र म्हणजे मेक. रोबो आपापला चालतो, मेकला ड्रायव्हर लागतो. हा फंडा गाजवला जपानने. १९७२ मध्ये 'माझिंगर झेड' आला, १९७९ मध्ये 'गंडम' आला आणि १९८० पासून गंडमचे जोडायचे प्लॅस्टिक किट बाजारात आले. पुढे ही क्रेझ जगभर पसरली. आपल्या पिढीने शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीवर पॉवर रेंजर्स बघितले, त्यांचे ते एकमेकांत जोडले जाणारे राक्षसी रोबो आठवा. तीच जात!

डेन्मार्कच्या लेगो कंपनीनेही हा धागा पकडला. २०१७ मध्ये 'द लेगो निंजागो मूव्ही' आला. त्यात शाळकरी वयाचे सहा निंजा होते आणि प्रत्येकाची वेगळी स्वारी होती. लॉइडचा हिरवा ड्रॅगन, कायचा फायर मेक, जेचं लाइटनिंग जेट. आणि टीममधली मुलगी, पाण्याची शक्ती असलेली निया, तिला मिळाला वॉटर स्ट्रायडर. त्याच वर्षी लेगोने याच नावाचा सेट काढला. नंबर ७०६११, तुकडे ४९४, वय ८ ते १४. आपलं वय त्यात बसत नाही, पण पॅकिंगवरचं वय बघून खेळायचे दिवस गेले, बॉस!

हा सेट कंपनीने बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. मग आत्ता त्याची चिरफाड कशाला? कारण सेट बंद झाला तरी बाजार बंद झालेला नाही. न फोडलेले जुने डबे हातोहात फिरतात, त्यांच्या नकलाही फिरतात. आणि असा डबा हातात आला की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो. फोडू की विकू?

माळ्यावरचा डबा

आमच्या एका मैत्रिणीला हाच प्रश्न पडला होता. राहते डोंबिवली पूर्वेला, ऑफिस ऐरोलीला. २०१८ मध्ये तिच्या दादाने परदेशातून येताना हा डबा आणला. मग तिचं लग्न, फ्लॅटचं बुकिंग, बाळंतपण, लॉकडाऊन या सगळ्यात डबा गेला माळ्यावर. यंदा घराचा रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला, तर हा सापडला. सील जसंच्या तसं!

नवऱ्याचं मत, 'विकून टाक, महिन्याची दूधवाल्याची आणि केबलची सोय होईल.' तिचं मत, 'दादाने माझ्यासाठी आणलाय, मी जोडणार.' पाच वर्षांच्या लेकीचं मत विचारायचीच गरज नव्हती, ती डब्यावर बसूनच होती. शेवटी मतदान झालं, दोन विरुद्ध एक. रविवारी सकाळी पोहे झाल्यावर डायनिंग टेबल पुसून घेतलं आणि डबा फोडला. आम्ही साक्षीदार!

कसा झाला रविवार?

लेगो जोडायची एक ठरलेली शिस्त असते. पाकिटांवर नंबर असतात, त्या क्रमाने फोडायची. माहितीपुस्तिकेत एकही वाक्य नसतं, नुसती चित्रं. त्यामुळे जपानी मुलगा आणि डोंबिवलीचा मुलगा यांना ती सारखीच समजते. चहाचे दोन ब्रेक आणि लेकीने सोफ्याखाली घालवलेल्या एका तुकड्याची शोधमोहीम धरून आम्हाला साडेतीन तास लागले. सवय असलेला माणूस याहून लवकर उरकेल.

मजा येते का? येते! आधी धड तयार होतं, मग नियाची बसायची जागा. इथवर वेळ कसा गेला कळत नाही. साखळ्या, बिजागऱ्या, गोळी आणि वाटीसारखे सांधे, हे सगळं कसं अडकतं ते बघताना मेंदूतला ऑफिसचा कप्पा आपोआप बंद होतो. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे मोबाइल हातात घेता येत नाही, हा तर बोनस. साडेतीन तासांत मैत्रिणीने व्हॉट्सअॅप फक्त दोनदा बघितलं. तिच्यासाठी हा विक्रम आहे.

पाय सुरू झाले की मात्र थोडा कंटाळा येतो. कुठल्याही अनेक पायांच्या मॉडेलचं हे दुखणं आहे. एक पाय जोडा, मग तस्साच दुसरा, मग आणखी. पहिला पाय शिकवतो, दुसरा सराव करून घेतो, पुढचे नुसती हमाली. इथे दोघं असाल तर उत्तम. एकाने तुकडे शोधायचे, दुसऱ्याने जोडायचे. आमच्याकडे शोधायचं काम पाच वर्षांच्या पार्टनरने पटकावलं आणि मोठ्यांपेक्षा भारी केलं.

दुसरी गोष्ट तोलाची. लांब पायांवर जड अंग म्हणजे सगळे पाय नीट टेकवायला वेळ द्यावा लागतो. एक पाय जरा वर राहिला की अख्खा मेक तिरका. पण एकदा जमलं की ऐटीत उभा राहतो, आणि त्या उभं राहण्यात खरंच एक किडा दिसतो. पाय बाहेर फाकलेले, अंग मधोमध अलगद टांगलेलं. मैत्रिणीच्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'हा कोळी कुणाचा गं?' डब्यावरचं नाव समजावून सांगितल्यावर त्यांना लगेच ओळख पटली. 'अगो, हे होय! आमच्या गावच्या विहिरीवर असायचे हे. कळशी सोडली की सैरावैरा पळायचे.'

एवढ्यात लेकीने गुगली टाकला. 'मावशी, हा पाण्यावर चालतो?'

खरा हिरो कसा चालतो?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी ओरिजिनल किड्याकडे जायला हवं. सासूबाईंना तो कोळी वाटला, पण कोळ्याला आठ पाय असतात, याला सहा. हा ढेकणाच्या गणातला, म्हणजे ढेकणाचा लांबचा भाऊबंद. फक्त हा गादीत राहत नाही, तळ्यात राहतो. अंगाने जेमतेम सेंटिमीटरभर, पाय मात्र त्याहून लांब. सहाही पायांची ड्युटी ठरलेली. पुढचे दोन आखूड पाय शिकार धरायला, मधले दोन वल्ह्यासारखे मारायला आणि मागचे दोन दिशा सांभाळायला. पाण्यात एखादी माशी पडून तडफडायला लागली की तिच्या तरंगांवरून याला पत्ता लागतो. मग सेकंदाला मीटरभराहून जास्त वेगाने साहेब हजर! सेंटिमीटरभर देहाला हा वेग म्हणजे काय, याचा विचार विरारची फास्ट पकडताना करा.

तो बुडत का नाही? पाण्याच्या वरच्या थरात एक ताण असतो, ताणलेल्या फुग्याच्या रबरासारखा. त्याला पृष्ठताण म्हणतात. किड्याच्या पायावर अतिशय बारीक केस असतात आणि केसांवर आणखी बारीक खाचा. त्यात हवा अडकून राहते, त्यामुळे पाय ओला होतच नाही. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात याचं मोजमाप दिलं. किड्याचा एकच पाय त्याच्या संपूर्ण वजनाच्या सुमारे १५ पट भार पेलू शकतो. एकच पाय, हं!

त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश या तिघांनी दुसरं कोडं सोडवलं होतं. किडा पुढे जातो कसा? आधी समज होता की तो पायाने लाटा मागे ढकलतो. पण त्याच्या पिल्लांचे पाय लाटा उठवण्याइतके जलद हलत नाहीत, तरी ती पळतात. या तिघांनी पाण्यात रंग सोडून बघितलं, तर पायाच्या प्रत्येक फटक्याबरोबर पाण्याखाली छोटे भोवरे मागे जात होते. होडीचं वल्हं करतं तेच! मग त्यांनी पटवून द्यायला एक नकली किडाही बनवला, रोबोस्ट्रायडर. ९ सेंटिमीटर लांब, वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी, पाय पोलादी तारेचे आणि इंजिन म्हणून इलॅस्टिकचा धागा. ना बॅटरी, ना चिप. आणि तो पाण्यावर खरोखर वल्हवत गेला.

मग आपला मेक चालतो का?

नाही. बिलकूल नाही. कंपनीने तसा दावाही केलेला नाही. पण का नाही, हा हिशोब झकास आहे.

पृष्ठताण पायाच्या लांबीप्रमाणे भार उचलतो. साध्या पाण्याचा आकडा घेऊन गुणाकार केला तर अर्धा किलो वजनाच्या कुठल्याही वस्तूला पाण्यावर उभं राहायला टेकलेल्या पायांची एकूण लांबी सुमारे ३४ मीटर लागेल. म्हणजे दहा-अकरा मजल्यांच्या इमारतीएवढी. आणि तुम्हाला स्वतःला चालायचं असेल, वजन ६० किलो धरू, तर पाय लागतील एकूण ४ किलोमीटर. जवळपास डोंबिवली ते ठाकुर्ली आणि परत! किडा पाण्यावर चालतो कारण तो चिमुकला आहे. आकार वाढला की वजन भराभर वाढतं, पाय तेवढे वाढत नाहीत. म्हणून वॉटर स्ट्रायडरला मेक करणं, म्हणजे अवाढव्य करणं, ही कल्पनाच मुळात किड्याच्या तत्त्वाच्या उलटी आहे. सिनेमात चालतं, बादलीत नाही. शिवाय लेगोचं एबीएस प्लॅस्टिक पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे पोकळीत हवा अडकली नाही तर तुकडा तळाला जातो.

लेकीला हे सगळं सांगून तिचं समाधान होणार नव्हतं. म्हणून संध्याकाळी आम्ही चालणारा किडा घरीच केला. खर्च जवळपास शून्य. तुम्हीही करून बघा.

दहा मिनिटांचा किडा

१. जुन्या, बंद पडलेल्या चार्जरच्या किंवा वायरच्या तुकड्यातली तांब्याची एक बारीक तार काढा. केसापेक्षा थोडी जाड, एवढीच. वायर कुठल्याही सॉकेटला जोडलेली नको.

२. तारेचे चार-पाच सेंटिमीटरचे तीन तुकडे मधोमध पिळून एकत्र बांधा. झाले सहा पाय.

३. प्रत्येक पायाचं टोक आडवं वळवा, म्हणजे पाण्याला तार आडवी टेकेल. टोक खाली टोचलं तर किडा बुडणार.

४. पायांना मेणबत्तीचं मेण किंवा खोबरेल तेलाचं बोट लावा. हे झाले किड्याचे केस.

५. परातीत स्वच्छ पाणी घ्या, ते स्थिर होऊ द्या आणि काट्या चमच्यावरून किडा अलगद सोडा. पायांखाली पाण्याला खळगे पडलेले दिसतील. तोच पृष्ठताण.

६. आता शेवटचा शो. भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब परातीच्या कडेला सोडा.

आमचा किडा गपकन तळाला गेला. लेक रडवेली. 'मावशी, साबणाने का मेला?'

साबणाचा थेंब

कारण साबण पाण्याचा ताण मोडतो. रबर ढिलं पडलं की त्यावर कोण उभं राहणार? परातीत एक थेंब पुरला. आपल्या तळ्यांत, नाल्यांत आणि नद्यांत किती थेंब जातात?

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. मासुंदा, उपवन, कचराळी... संध्याकाळी तलावपाळीला मसाला शेंगदाणे खात आपण चक्कर मारतो, पाण्याकडे बघून सेल्फी काढतो. पाण्यावर कुणी चालतंय का हे मात्र बघत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला उल्हास नदीत मिळणारी वालधुनी तर आपण 'नाला' म्हणूनच ओळखतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच वालधुनीत टँकरमधलं रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरमध्ये रात्रीतून शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने हॉस्पिटल गाठावं लागलं. जिथे माणसाला श्वास घेता आला नाही तिथे किड्याचं काय घेऊन बसलात?

खरा वॉटर स्ट्रायडर बघायचा असेल तर पाऊस ओसरल्यावर येऊरच्या बाजूला एखाद्या संथ ओढ्याच्या डबक्यावर पाच मिनिटं शांत उभे राहा. वनखात्याच्या वेळा आणि नियम पाळून, अर्थातच. आधी पाण्याच्या तळाशी सावल्या दिसतील, बारीक काड्या आणि त्यांच्या टोकांना गोल ठिपके. मग त्या सावल्यांचा मालक दिसेल. हे गोल ठिपके म्हणजे पायाखालच्या खळग्यांच्या सावल्या. हे दृश्य एकदा बघितलं की टेबलावरच्या मेकचे फाकलेले पायही वेगळे दिसायला लागतात.

आता पैशाचं बोला

हौशी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे, तुकड्यामागे १० अमेरिकन सेंट. त्या हिशोबाने ४९४ तुकड्यांचे झाले ५० डॉलरच्या आसपास, म्हणजे आज चार हजारांच्या वर. पण हा ठोकताळा चालू सेटचा. बंद झालेल्या सेटला भाव लावतो तो विकणारा. शिवाय बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे परदेशातली किंमत रुपयांत फिरवून 'इथे लुटतात' म्हणण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा.

'सीलबंद डबा म्हणजे सोनं' असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्या बाजूने पुरावाही आहे. मॉस्कोच्या दोन संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधल्या २,३२२ लेगो सेटच्या जुन्या बाजारातल्या किमती तपासल्या, तर सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के निघाला. भारी ना? पण थांबा. ही सरासरी आहे. काही सेट आकाशाला भिडतात, काही तिथल्या तिथेच राहतात आणि आधी कुठला उडणार हे सांगता येत नाही. शिवाय डबा वर्षानुवर्षं न चेपता, न ओला होता ठेवायचा, तोही आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या माळ्यावर. विकताना गिऱ्हाईक शोधा, कुरिअर करा, घासाघीस करा. एसआयपीला यातलं काही लागत नाही. गुंतवणूक हवी तर गुंतवणूक करा, खेळणं हवं तर खेळा.

घेण्याआधी हे बघा

नक्कल ओळखा. लेगोच्या ठोकळ्याच्या १९५८ च्या पेटंटची मुदत कधीच संपलीय, त्यामुळे त्यात बसणारे ठोकळे दुसऱ्या कंपनीने बनवणं कायदेशीर आहे. पण सेट आणि डबा जसाच्या तसा छापणं ही चोरी. 'लेपिन' या नावाने अशा नकला बनवणाऱ्या टोळीवर चिनी पोलिसांनी २०१९ मध्ये धाड घातली, २०२० मध्ये म्होरक्याला सहा वर्षांची कैद झाली. ओळखायची सोपी खूण म्हणजे अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर कंपनीचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा.

आयएसआयचा शिक्का. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर हा शिक्का सक्तीचा आहे. २०१७ च्या जुन्या डब्यावर तो नसणार, हे साहजिक. पण 'नवा माल' म्हणून कुणी बिनशिक्क्याचा डबा पुढे केला तर सरळ पुढच्या दुकानात जा.

सुटा सेट स्वस्त पडतो. जोडून खेळलेला सेट सीलबंद डब्यापेक्षा कमी किमतीत मिळतो. जोडणीची चित्रं कंपनीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. फक्त तुकडे मोजून घ्या, आणि छोटा माणूस हरवलेला नाही ना ते आधी बघा. किंमत बरीचशी त्याचीच असते.

तीन वर्षांखालचं पिल्लू घरात असेल तर हा सगळा प्रकार बंद कपाटात. बारीक तुकडे घशात अडकतात, यात गंमत नाही.

वन बीएचकेत किडा कुठे ठेवायचा?

हा प्रश्न ठाणे-कल्याण पट्ट्यात सगळ्यात कळीचा. पाय फाकवून उभा राहणारा मेक कारपेक्षा जास्त जागा खातो. टीव्हीच्या शेजारी ठेवाल तर धूळ, खिडकीत ठेवाल तर ऊन. आणि उन्हाने हे प्लॅस्टिक पिवळं पडतं, एकदा पडलं की पूर्वीसारखं होत नाही. आमच्या मैत्रिणीने सासूबाईंच्या काचेच्या शोकेसमध्ये चांदीच्या करंड्याशेजारी जागा मिळवली, वाटाघाटी अजून चालू आहेत. धूळ झटकायला मेकअपचा मऊ ब्रश बेस्ट. धुवायचा झाला तर सुटा करून कोमट पाण्यात, ४० अंशांच्या वर नको. वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर असले प्रयोग अजिबात नकोत.

फायनल स्कोअर

लुक : ५ पैकी ४. उभा राहिला की नजर ठरते. पाहुणे विचारतातच.

जोडायची मजा : ५ पैकी ३. धड झक्कास, पाय रिपीट टेलिकास्ट.

किड्याशी इमान : ५ पैकी २. आकार पकडलाय, कमाल नाही. खऱ्या किड्याची जादू हलकेपणात आहे, मेकचा रुबाब वजनात.

पैसा वसूल : मूळ किमतीच्या आसपास, सुटा आणि पूर्ण मिळाला तर ५ पैकी ४. सीलबंद डब्याचा चढा भाव मोजून घेणार असाल तर ५ पैकी २. त्या पैशात चालू असलेला मोठा सेट येईल.

आणि ज्यांच्याकडे आधीच माळ्यावर असा डबा पडलाय त्यांना आमचा सल्ला सरळ आहे, फोडा. विकून आलेले पैसे महिन्याभरात बिलांत विरघळतात. मैत्रिणीच्या घरी तो डबा फुटला त्या दिवशी आजी, आई आणि नात या तिघी एका टेबलाशी साडेतीन तास बसल्या, आणि 'विकून टाक' म्हणणारा बाबा सोफ्याखाली टॉर्च मारून तुकडा शोधत होता. या सगळ्याला कुणी ११ टक्के परतावा लावून दाखवावा!

राहिला आईचा प्रश्न, 'या वयात ठोकळे?' तिला दिवाळीची आठवण करून द्या. दगड, गोणपाट, चिखल, वर पेरलेले आळीव, बुरुजावर मावळे आणि सिंहासनावर शिवाजी महाराज. ना माहितीपुस्तिका, ना पाकिटांवर नंबर. बिल्डिंगच्या कोपऱ्यात तो किल्ला बांधताना रात्रीचे अकरा वाजले तरी कुणी 'अभ्यास कर' म्हणत नव्हतं. जोडायचा किडा आपल्याला तेव्हाच चावलाय. यंदा किल्ल्याच्या खंदकात पाणी भराल तेव्हा त्यात तांब्याच्या तारेचा एक किडा सोडून बघा. फक्त साबणाचे हात लावू नका.